‘गेली असेल पळून...’

कॅलिफोर्नियात आरोयो ग्रांडे नावाचे एक लहान गाव आहे. तिथे एका वकिलाच्या कचेरीबाहेर, रस्त्याला लागून, एक मोठा फलक कित्येक वर्षे उभा होता. फलकावर एका हसऱ्या मुलीचा फोटो, तिचे नाव आणि माहिती देणाऱ्याला ७५ हजार डॉलरचे बक्षीस. मुलीचे नाव क्रिस्टिन स्मार्ट, वय १९. सान लुईस ओबिस्पो इथल्या कॅल पॉली विद्यापीठात ती पहिल्या वर्षाला शिकत होती. २५ मे १९९६ च्या पहाटे एका पार्टीहून वसतिगृहाकडे परतताना ती नाहीशी झाली. आजतागायत तिचा देहही सापडलेला नाही.

त्याच भागात वाढलेला क्रिस लॅम्बर्ट नावाचा एक मुलगा येताजाता हा फलक बघत मोठा झाला. हा गृहस्थ ना पोलीस, ना पत्रकार, ना वकील. गाणी लिहिणे, ध्वनिमुद्रण करणे हा त्याचा उद्योग. पण तो फलक काही त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्याने स्वतःच एक माईक उचलला, लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ‘युअर ओन बॅकयार्ड’ नावाचे पॉडकास्ट सुरू केले. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘तुमचेच परसू’!

पॉडकास्ट हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. ज्यांनी अजून ऐकले नसेल त्यांनी आकाशवाणी पणजीवरच्या जुन्या श्रुतिका आठवाव्यात. फरक इतकाच की हे मोबाईलवर हवे तेव्हा ऐकता येते, आणि गुन्ह्याविषयीच्या पॉडकास्टमध्ये पात्रे खरी असतात. हा प्रकार जगभर गाजला तो २०१४ साली अमेरिकेतल्या ‘सीरियल’मुळे. त्यानंतर अशा पॉडकास्टचे पेवच फुटले. त्यातली बरीचशी निव्वळ चघळण्याची. रात्री झोप येत नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलीच्या खुनाची गोष्ट ऐकायची, मध्येच गादीची जाहिरात, पुन्हा खून! खरे सांगायचे तर मला ह्या प्रकाराची शिसारीच होती. लॅम्बर्टचे काम ऐकल्यावर मात्र मी विचारात पडलो.

त्याने केले काय? खरे तर फार काही नाही. १९९६ साली ज्यांना कोणी काही विचारले नव्हते, किंवा विचारून सोडून दिले होते, त्यांना त्याने पुन्हा विचारले. सावकाश विचारले. ते बोलत असताना मध्ये बोलला नाही. पॉडकास्ट ऐकून आणखी लोक पुढे आले. पॉल फ्लोरेस नावाचा विद्यार्थी त्या पहाटे क्रिस्टिनसोबत शेवटचा दिसला होता, त्याच्यावर पोलिसांचा संशय पहिल्यापासून होता, पण अटक कधी झाली नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये ती झाली. नवे साक्षीदार पुढे येण्यात पॉडकास्टचा वाटा होता हे तिथल्या शेरीफने जाहीरपणे मान्य केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्यावर खुनाचा गुन्हा सिद्ध झाला आणि मार्च २०२३ मध्ये २५ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. त्याच्या वडिलांवर देह लपवायला मदत केल्याचा आरोप होता, त्यातून ते निर्दोष सुटले.

पण मला ह्या साऱ्या कथेत शेवटापेक्षा सुरुवात जास्त महत्त्वाची वाटते. क्रिस्टिन नाहीशी झाली तेव्हा सुट्ट्यांचा लांब शनिवार-रविवार होता. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी सांगायला सुरुवात केली की ती दिसत नाही. विद्यापीठाच्या पोलिसांचे म्हणणे पडले, गेली असेल कुठेतरी सुट्टीला. येईल. सुरुवातीच्या अहवालात तिने दारू घेतली होती, ती आपल्याच मर्जीने वागायची, असलाच मजकूर. त्या मुलाच्या खोलीचा कुत्रे नेऊन शोध घेतला गेला तो महिन्याभरानंतर. तोवर सत्र संपून खोली रिकामी झाली होती, धुऊन-पुसून झाली होती.

बघा ना, पहिल्या दिवशी कोणीतरी एक वाक्य उच्चारले, आणि त्या एका वाक्याने २५ वर्षे खाल्ली!

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातले. लिनेट डॉसन ही सिडनीजवळच्या बेव्ह्यू भागात राहणारी परिचारिका, दोन लहान मुलींची आई. जानेवारी १९८२ मध्ये ती नाहीशी झाली. नवरा शाळेत व्यायामशिक्षक आणि नावाजलेला रग्बीपटू. त्याने पोलिसांत खबर दिली ती काही आठवड्यांनी. आणि सांगितले काय, तर तिला थोडे एकटे राहायचे आहे, तिने फोन करून तसे कळवले आहे. पोलिसांनी मान डोलावली. दोन मुलींना टाकून एक आई निघून गेली, हे इतक्या सहज पटले सगळ्यांना! बायको गेल्यावर काही दिवसांतच त्याने आपल्याच शाळेतल्या एका मुलीला घरी आणून ठेवले, तरीही. २००१ आणि २००३ अशा दोन चौकश्यांत मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा खून आहे असा निष्कर्ष काढला, पण खटला काही उभा राहिला नाही. २०१८ मध्ये हेडली थॉमस ह्या पत्रकाराने ‘द टीचर्स पेट’ हे पॉडकास्ट केले, कोट्यवधी वेळा ते ऐकले गेले, डिसेंबर २०१८ मध्ये क्रिस डॉसनला अटक झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो दोषी ठरला. शिक्षा २४ वर्षे. लिनेटचाही देह मिळालेला नाही.

एक बाई अमेरिकेतली, एक ऑस्ट्रेलियातली. पहिले वाक्य मात्र एकच. गेली असेल आपल्या मर्जीने!

मंडळी, हे वाक्य आपण गोव्यात ऐकलेलेच नाही असे कोणी म्हणेल का? एप्रिल २००९ आठवा. शिरोड्याच्या तरवळे इथल्या महानंद नाईकला अटक झाली आणि त्याने एकामागून एक अशा १६ बायकांना मारल्याची कबुली पोलिसांना दिली. पहिला खून १९९४ सालचा. म्हणजे तब्बल पंधरा वर्षे! लग्नाचे आमिष दाखवायचे, अंगावर दागिने घालून यायला सांगायचे आणि ओढणीने गळा आवळायचा. लहानशा आपल्या गोव्यात हे इतकी वर्षे कसे चालले? त्याचे एक उत्तर सोपे आहे आणि लाजिरवाणेही. त्या मुली गरीब घरच्या होत्या, काहींचे लग्नाचे वय उलटत चालले होते. मुलगी दागिने घेऊन गेली म्हटल्यावर कोणीतरी म्हणाले, पळून गेली असेल कोणाचा तरी हात धरून. घरच्यांनी माना खाली घातल्या. काहींनी चारचौघांत बोभाटा नको म्हणून पाठपुरावा केला नाही, काहींचे कागद ‘बेपत्ता’ ह्या शिक्क्याखाली पडून राहिले. पुढे काही खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, पण बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. पंधरा वर्षांनी पुरावा राहतो कुठे? रान तर दर पावसाळ्यात वाढतेच.

असो. हे सगळे लिहायला कारण घडले ते माझ्या भाचीमुळे.

भाची पणजीला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती आली आणि म्हणाली, ‘मामा, हांव एक पॉडकास्ट करतां. तूं म्हाका मजत करशी?’ तिला मराठीत संहिता लिहून हवी होती. विषय कोणता, असे विचारले तर तिने आमच्याच गावातल्या एका बाईचे नाव घेतले. मी गप्प झालो.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. हकिकत इतकीच की १९९८ साली, पावसाळा तोंडावर असताना, आमच्या वाड्यावरची एक सत्तावीस वर्षांची मुलगी एका शुक्रवारी सकाळच्या बसने कामाला गेली आणि परत आली नाही. काजूच्या कारखान्यात कामाला होती. वडिलांनी दोन दिवस वाट पाहिली, मग पोलिसांत गेले. तिथे कागद झाला. आणि तिथेच, ठाण्याच्या व्हरांड्यात, पोलीस आणि गावकरी मिळून ते वाक्य बोलले गेले. गेली असेल पळून. पुढे गावाने त्या वाक्याला कथा जोडली. कोणी म्हणे तिला हुबळीला पाहिले, कोणी म्हणे मुंबईत. कोणी तर तिला दोन मुले असल्याचेही सांगत असे. एका माणसाचे नावही कुजबुजत घेतले जाई. वडील गेले. २००९ मध्ये ती बातमी आली तेव्हा आई फोटो घेऊन चौकशी करून आली. काही जुळले नाही. जुळले नाही ह्याचा आनंद मानायचा की दुःख, हे त्या बाईला तेव्हा कळले नसेल.

भाचीचा जन्म त्यानंतरचा. तिने ही गोष्ट ऐकली ती बलकांवावर बसून, गावातल्या इतर गोष्टींसारखी. तिला प्रश्न पडला की ज्या मुलीला सगळ्यांनी हुबळीला पाहिले, तिला तिच्या आईपर्यंत कोणी आणले कसे नाही?

आम्ही आधी काकींकडे गेलो, म्हणजे त्या मुलीच्या आईकडे. त्यांचा मुलगा घरी होता. त्याने ऐकून घेतले आणि स्पष्ट सांगितले, नको. त्याचे चुकत होते असे मला वाटत नाही. ‘सीरियल’ ज्या मुलीच्या खुनावर होते त्या हे मिन लीच्या भावाने २०२२ साली न्यायालयाला हेच सांगितले होते की तुमच्यासाठी हे पॉडकास्ट असेल, माझ्यासाठी हे खरे आयुष्य आहे. जग आवडीने ऐकते, आणि दर वेळी खपली निघते ती घरच्यांची.

शिवाय आमच्या ह्या भावाच्या मागे आणखी एक व्याप होता. आपल्या गोव्याचा वारसा कायदा ठाऊक आहेच. मुलीला मुलाइतकाच वाटा. वडिलांमागे घर आणि लहानसे भाट वाटून नावावर करायचे तर प्रत्येक वारसाची सही हवी. बहीण नाही, म्हणजे सही नाही. घराची कौले बदलायला कर्ज काढायचे तरी अडचण. वकिलाने मार्ग सांगितला होता. सात वर्षे ज्या माणसाची काहीच खबर नाही, तो जिवंत आहे हे जो म्हणेल त्यानेच ते सिद्ध करायचे, असे आपला पुरावा कायदा सांगतो. पूर्वी ते कलम १०८ होते, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ झाले. ह्या कलमाच्या आधाराने न्यायालयाकडून मृत्यू मानून घेता येतो. पण काकी अर्जावर अंगठा द्यायला तयार नाहीत. त्यामुळे ती मुलगी कायद्याने जिवंत, गावाच्या मते पळालेली, आणि भावाच्या डोक्यावर गळके छप्पर.

काकी मात्र बोलायला तयार झाल्या. त्यांची अट एकच. ‘ती मेली म्हणून सांगूं नाकात. आनी पळून गेली म्हणूनय सांगूं नाकात.’

ही अट ऐकली आणि मला वाटले की काकींनी आमची निम्मी संहिताच लिहून दिली. ह्या दोन वाक्यांच्या मधली जागा, तेवढीच आमची. भाऊ काही वेळ भिंतीकडे बघत बसला, मग म्हणाला, आई म्हणते तर करा, पण माझा आवाज नको. त्याचा आवाज घेतला नाही.

काम सुरू झाले. उपकरणे काय, तर तिचा मोबाईल, सदऱ्याला अडकवायचा एक छोटा माईक आणि संगणकावर आवाज कापण्या-जोडण्याचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. निवेदन रेकॉर्ड करायला तिने कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्यासमोर बसायची युक्ती काढली, कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणे. काकींचे बोलणे मात्र त्यांच्याच घरी, स्वयंपाकघरात. पावसाळ्यात कौलांवरचा आवाज बोलूच देत नाही, म्हणून जानेवारीत. सकाळी सहाला पदेर आला आणि त्याच्या भोंप्याचा आवाज रेकॉर्डमध्ये शिरला. मी म्हटले, हे कापून टाक. काकी म्हणाल्या, त्या दिवशीही ती पदेराच्या मागोमागच बाहेर पडली होती. भाचीने तो आवाज ठेवला.

सात तासांचे बोलणे जमले. त्यातून चोवीस मिनिटे काढायची होती. तिथे आमचे खरे भांडण झाले, ते त्या कुजबुजल्या जाणाऱ्या नावावरून.

भाचीचे म्हणणे, लॅम्बर्टने नाव घेतले, थॉमसने घेतले, म्हणून तर काही घडले. आपण नाव गाळले तर मग करतो काय आहोत? मी म्हटले, लॅम्बर्टने नाव घेतले तेव्हा ते नाव पोलिसांनी वीस वर्षांपूर्वीच जाहीर केले होते, त्या कुटुंबाने त्याच्यावर दिवाणी दावाही लावला होता. थॉमसकडे दोन अधिकृत चौकश्यांचे निष्कर्ष होते. तरीसुद्धा पुढे काय झाले बघ. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात आरोपीच्या वकिलांनी म्हटले की ह्या पॉडकास्टमुळे साऱ्या देशाने निकाल आधीच लावून टाकला आहे, आता न्याय्य खटला होणे नाही. काही महिने खटला थांबवून ठेवावा लागला. २०१९ मध्ये पॉडकास्ट ऑस्ट्रेलियात ऐकण्यासाठी बंद करावे लागले. शेवटी ज्युरीशिवाय, एकट्या न्यायाधीशापुढे खटला चालला, आणि न्यायाधीशांनी पॉडकास्टच्या एकांगीपणावर बोट ठेवलेच. चांगल्या हेतूने केलेल्या कामाने हातातोंडाशी आलेला खटला जवळजवळ घालवला होता.

आणि मग मी तिला मिनेसोटाची गोष्ट सांगितली. सेंट जोसेफ नावाच्या गावातून २२ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री जेकब वेटरलिंग हा अकरा वर्षांचा मुलगा पळवला गेला. सायकलवरून घरी येत होता. जिथे हे घडले तिथल्या घरात एक संगीतशिक्षक राहत होता. एवढाच त्याचा गुन्हा. त्याच्यावर संशयाची सावली पडली आणि २०१० मध्ये तर पोलिसांनी जाहीरपणे त्याच्याकडे बोट दाखवले, शेत खणून पाहिले. गावात त्याचे तोंड दाखवणे कठीण झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये खरा गुन्हेगार कबूल झाला, मुलाचे अवशेष त्यानेच दाखवले. तो दुसराच कोणी होता, आणि सुरुवातीच्या दिवसांत पोलिसांनी त्याची चौकशी करून त्याला सोडूनही दिले होते! मॅडलीन बॅरन ह्या पत्रकार बाईंचे ‘इन द डार्क’ हे पॉडकास्ट नेमके त्याच आठवड्यात सुरू व्हायचे होते. कोडे सुटल्यावर दुसऱ्या कोणी काम गुंडाळले असते. ह्या बाईंनी प्रश्नच बदलला. कोणी केले हा प्रश्न संपला होता, मग २७ वर्षे का सापडले नाही हे विचारले. पहिल्या रात्री शेजारच्या घरांची दारे नीट वाजवली होती का, असे साधे प्रश्न. मला विचाराल तर ह्या साऱ्या प्रकारातले हे सर्वांत मोलाचे काम.

आपल्याकडे बदनामीचा कायदा आहे, न्यायालयाच्या अवमानाचा कायदा आहे, ते खरेच. पण मी तिला कायद्याची भीती घातली नाही. मी एवढेच विचारले की ज्या गावाने पुरावा नसताना त्या मुलीवर ‘पळाली’ हा शिक्का मारला, त्याच गावाचे बोलणे पुरावा नसताना एका माणसावर मारायचे का? मग आपल्यात आणि बलकांवात फरक काय? 

ती बराच वेळ बोलली नाही. दोन दिवसांनी तिने मला संहिता पाठवली. नाव नव्हते. हुबळी नव्हती, मुंबई नव्हती. ती मुलगी कशी होती ते होते. तिला नाटकाचे वेड होते, जत्रेतल्या नाटकाला पहिल्या रांगेत चटई टाकून बसायची, आणि काजू सोलून काळे झालेले हात ती खोबरेल तेलाने घासत बसायची. मग त्या शुक्रवारचा दिवस, जेवढा काकींना ठाऊक होता तेवढा. बस, साडीचा रंग, हातातली पिशवी. आणि शेवटी एक प्रश्न. त्या दिवशी तुम्ही तिला पाहिले होते का? पाहिले असेल तर पोलिसांना सांगा. त्यांना सांगायला संकोच वाटत असेल तर आधी आम्हाला सांगा, आम्ही सोबत येऊ.

मार्चमध्ये ते ऐकायला ठेवले. काही शे लोकांनी ऐकले असेल, कोट्यवधींचा प्रश्नच नव्हता. नेहमीप्रमाणे दोघा-तिघांनी फोन करून त्याच त्या हुबळीच्या कथा ऐकवल्या. कोणी पाहिले होते, असे विचारल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. त्या दुसऱ्यालाही आम्ही विचारले. त्याने तिसऱ्याचे नाव सांगितले. एकाही माणसाने तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नव्हते. पंचवीस वर्षांहून जास्त काळ एक गाव जे छातीठोक सांगत होते, ते दोन फोनांत विरघळले.

एप्रिलमध्ये एका बाईंचा फोन आला. वय साठीच्या पुढे. लग्नाच्या मुलीकडे दुसऱ्या तालुक्यात राहतात. नातवाने ऐकवले म्हणाल्या. ह्या त्या कारखान्यात तिच्या शेजारी बसून काजू सोलायच्या. त्यांनी सांगितले ते असे.

कारखान्यातल्या बारा बायकांची भिशी होती, महिन्याला दोनशे रुपये. त्या महिन्यात चिठ्ठी तिच्या नावाची निघाली होती. रविवारी तिला चोवीसशे रुपये मिळायचे होते. त्या पैशांतून ती आईसाठी कानातले करणार होती, सोनाराकडे सांगूनही आली होती. शुक्रवारपासून ती आली नाही. बायकांनी महिनाभर पैसे तसेच ठेवले. मग पळून गेली असे कानावर आले, आणि ते पैसे पुढच्या चिठ्ठीवालीला दिले.

भाचीने विचारले, मावशी, हे तुम्ही तेव्हा कोणाला सांगितले नाही?

‘आमकां कोणेंच विचारूंक ना गे बाये,’ त्या म्हणाल्या.

ह्यावर मी काय लिहू? कारखाना तिच्या घरापासून चार मैलांवर. बारा बायका तिथे रोज बसत होत्या. ती शेवटची जिथे जायला निघाली, त्या जागी जाऊन कोणी विचारले नाही, कारण सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होते. जिला पळून जायचे आहे ती दोन दिवस थांबून चोवीसशे रुपये घेऊन जाते, एवढा साधा हिशेब मांडायला सव्वीस-सत्तावीस वर्षे लागली.

मी हेही नीट सांगतो की ह्यामुळे काही सिद्ध होत नाही. ती कुठे गेली, तिचे काय झाले, हे आजही कोणाला ठाऊक नाही. भिशीची ही हकिकत म्हणजे पुराव्याचा एक लहानसा कण. त्या बाईंना घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, त्यांचा जबाब झाला, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतले, जुनी फाईल शोधायला लावली. पुढचे काम त्यांचे आहे, आणि ते त्यांचेच असले पाहिजे. भाचीला दुसरा भाग लगेच करायचा होता. तपास चालू असताना नको, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. ऐकणारे विचारतात, पुढे काय झाले? त्यांना सांगावे लागते, काही नाही. मालिका अशी अर्धवट राहिली म्हणून ऐकणारा नाराज होतो. होऊ दे.

काकींना तो फोन ऐकवला, त्या बाईंची परवानगी घेऊनच. त्यांनी एकदा ऐकला. मग पुन्हा लाव म्हणाल्या. भाऊ दारात उभा होता. कानातल्यांचा उल्लेख आला तेव्हा काकींचा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. रडल्या नाहीत. थोड्या वेळाने मुलाकडे वळून म्हणाल्या, वकिलाकडे तुला जायचे असेल तर मी येते.

मला वाटले होते, पळाली नव्हती हे कळले की त्या अधिकच हट्टाला पेटतील. झाले उलटेच. इतकी वर्षे त्या मुलीच्या जिवापेक्षाही तिच्या नावाची राखण करत बसल्या होत्या, हे मला तेव्हा उमगले. मेली म्हटले असते तर ‘पळाली’ हा शिक्का तसाच कायमचा राहिला असता. तो पुसल्याशिवाय त्यांना अर्जावर अंगठा द्यायचा नव्हता.

लॅम्बर्टच्या पॉडकास्टने एक माणूस तुरुंगात गेला, आमच्या चोवीस मिनिटांनी तसले काही झाले नाही. पण पॉडकास्ट करावे की करू नये असे मला कोणी विचारले, तर मी आता हो म्हणेन. गुन्हेगार पकडायचा असेल तर मात्र करू नये, ते आपले काम नव्हे. पहिल्या दिवशी जे वाक्य घाईने बोलले गेले ते खोडून तिथे पुन्हा प्रश्नचिन्ह काढायचे असेल, तर जरूर करावे. आणि त्यासाठी माईकच हवा असेही नाही.

मित्रहो, तुमच्याही गावात अशी एखादी मुलगी असेल, एखादा मुलगाही असेल, ज्याच्याविषयी सगळ्यांना सगळे माहीत आहे. कोणी पाहिले होते, एवढेच एकदा विचारून बघा.